वाणी गेला तर गेलं काय?

आमच्या तालुक्याच्या गावी बायपासला डिस्काउंटवालं मोठं स्टोअर उघडलं, त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये मोटारसायकली, जीपा आणि दोन ट्रॅक्टरसुद्धा उभे होते. त्याच आठवड्यात एका बारशाच्या पंगतीत आमच्या एका स्नेह्यांनी निकाल देऊन टाकला. “वाणी गेला तर गेलं काय? पन्नास वर्षं लुटलं त्यांनी आपल्याला. आता कुणी स्वस्त देतंय तर तुमच्या पोटात का दुखावं?” पंगतीत माना हलल्या. मीही जिलबी तोडत गप्प राहिलो, कारण माझ्या गाडीच्या डिकीत त्याच स्टोअरची पिशवी होती.

हा सवाल तेव्हापासून मी प्राध्यापकांच्या तोंडून ऐकला, बँकवाल्यांच्या तोंडून ऐकला, आणि ज्यांनी अशा कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवलेत त्यांच्या तोंडून तर उठता-बसता ऐकला. जिलबी पचून बराच काळ झाला. आता उत्तर द्यायला हरकत नाही.

आधी त्यांचं जे खरं आहे ते. माल स्वस्त मिळतो, यात खोट नाही. मी एकदा नेहमीच्या दुकानाची चिठ्ठी आणि स्टोअरचं बिल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. साबण, कपड्याची पावडर, तेलाचा पाच लिटरचा कॅन, चहा, टूथपेस्ट यांत फरक डोळ्यात भरण्यासारखा होता. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ यांत जवळपास काहीच नाही. आणि स्टोअरच्या बिलात शेवटी चार वस्तू अशा होत्या ज्या यादीत नव्हत्याच, म्हणजे वाचवलेल्यातलं थोडं मी तिथेच ठेवून आलो होतो. तरीही पारडं स्टोअरच्या बाजूनेच झुकलं. ज्या घरात वीस तारीख उलटली की डबे खडखडायला लागतात, त्या घराला या फरकाची किंमत मी सांगायची गरज नाही.

वाण्याची पापंही खरी. तागडीच्या बुडाला चिकटवलेली चिंच आमच्या पिढीने पाहिली आहे. उधारीचं गिऱ्हाईक असेल तर पोत्याच्या तळची डाळ, सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट, टंचाईच्या वर्षी मागच्या दाराने साखर. आणि काही गावांत काही वस्त्यांतल्या माणसांनी दुकानाच्या पायरीखालीच उभं राहायचं, पैसे वरून टाकायचे आणि पुडी वरून झेलायची, हेही होतं. स्टोअरमध्ये ट्रॉली ढकलताना कुणी आडनाव विचारत नाही. ही गोष्ट लहान नाही, आणि जुन्या बाजारपेठेच्या आठवणीने गहिवरणाऱ्या लेखकांनी ती गिळून टाकू नये. मला वाण्याची आरती ओवाळायची नाही.

माझा वाद स्वस्ताईशीही नाही. स्वस्ताई कुठून येते याची चौकशी न करता तिला ‘कार्यक्षमता’ असं गोंडस नाव देण्याशी आहे. स्वस्ताई दोन जातींची असते. एक कसबाची, दुसरी दाबाची. बिलावर दोन्ही सारख्याच दिसतात, आणि सगळी गफलत तिथेच होते.

कसबाची स्वस्ताई म्हणजे काय, ते सॅम वॉल्टनकडून शिकावं. या गृहस्थाने २ जुलै १९६२ रोजी आर्कान्सामधल्या रॉजर्स नावाच्या गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. मोठ्या कंपन्या ज्या गावांकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या, ती त्याने हेरली. आधी गोदाम बांधायचं, मग त्या गोदामापासून ट्रक एका दिवसात पोचेल एवढ्या टापूत दुकानं पेरत जायची. मधले दलाल गाळायचे, विक्रीची नोंद संगणकावर घ्यायची, माल पडून राहू द्यायचा नाही. आपल्याकडे २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान उघडणाऱ्या डीमार्टचं गणितही असंच नेटकं. संस्थापक राधाकिशन दमाणींनी बहुतेक जागा भाड्याने घेण्याऐवजी विकतच घेतल्या आणि पुरवठादाराचं बिल महिनोन्महिने न लटकवता काही दिवसांत चुकतं करून त्या बदल्यात भाव पाडून घेतला. इथे कुणाचा घास काढून घेतलेला नाही. या हिशेबाला मी मनापासून दाद देतो. रोखीने घेणाऱ्याला चार पैसे कमी लावावेत, हे मार्केट यार्डातल्या अडत्यालाही कळतं.

दुसरी जात बघायची तर लोणच्याच्या एका बरणीकडे बघावं लागेल. व्लासिक ही अमेरिकेतली काकडीचं लोणचं करणारी नावाजलेली कंपनी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्टने तिची गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरची अगडबंब बरणी २ डॉलर ९७ सेंटला विकायला काढली. बरणीमागे कंपनीला सुटत होते एक-दोन सेंट. लोक हौसेने बरणी नेत, पाव बरणी खात आणि उरलेली बुरशी आली की टाकून देत. पण घरात एवढं लोणचं असताना लहान बाटली कोण घेणार? ज्या मालावर कंपनीचा खरा नफा होता, त्याचा खप उतरला. कंपनीने भाव वाढवून मागितला, तर बराच काळ नकार मिळत राहिला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण तिचा तीस टक्के धंदा या एकाच गिऱ्हाइकाकडे होता. जानेवारी २००१ मध्ये व्लासिकने दिवाळखोरीचा अर्ज केला. चार्ल्स फिशमन या पत्रकाराने २००३ मध्ये ही हकीकत लिहून काढली आणि प्रामाणिकपणे हेही लिहिलं की दिवाळं काही त्या एका बरणीपायी निघालं नाही. मला दिवाळ्यात रस नाही, त्या नकारात आहे. कारखानदाराला स्वतःच्याच लोणच्याचा भाव ठरवता येईना, याला कार्यक्षमता म्हणायचं की आणखी काही?

हे अमेरिकेत चालतं, आपल्याकडे कुठे, असं कुणी म्हणेल. आपल्याकडचंच सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी, म्हणजे आपण ज्यांना एजन्सीवाले म्हणतो त्यांनी, कोलगेटचा काही माल दुकानांना पोचवणं थांबवलं होतं. तक्रार साधी होती. तीच टूथपेस्ट, तीच छापील किंमत. पण बड्या घाऊक साखळ्यांना आणि ऑनलाइन घाऊकवाल्यांना कंपन्या ती इतक्या कमी भावात देतात, की एजन्सीवाल्याला ज्या भावात माल येतो त्याहून स्वस्तात तो दुकानदाराला तिकडे मिळतो. पुढे चर्चा झाल्या आणि माल सुरू झाला. पण माझ्या चिठ्ठीतल्या त्या फरकाचा उगम मला तिथे सापडला. डाळ-गुळात फरक का नव्हता आणि साबण-पेस्टमध्ये का होता? डाळ मार्केट यार्डात येते, तिथे छोट्याला आणि मोठ्याला भावात फार अंतर पडत नाही. साबण कंपनीकडून येतो, आणि तिथे तुम्ही कोण आहात यावर भाव ठरतो. आमच्या वाण्याची अक्कल कमी पडली नव्हती, त्याला साबणच महाग मिळत होता.

गंमत म्हणजे बाजाराची काशी समजल्या जाणाऱ्या अमेरिकेने हे १९३६ मध्येच ओळखलं होतं. त्या साली तिथे रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकाच मालाला दोन व्यापाऱ्यांकडून सकारण नसलेले दोन भाव घेऊन स्पर्धा मारायची नाही, असा त्याचा आशय. वाहतुकीत, पॅकिंगमध्ये खरोखर बचत होत असेल तर तेवढी सूट द्यायला त्यात मोकळीक आहे. म्हणजे कसबाला माफी, दाबाला बंदी. ऐंशीच्या दशकापासून तिथल्या सरकारांनी हा कायदा कपाटात टाकला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी व्यापार आयोगाने त्याखाली पेप्सिकोवर खटला भरला, एका बड्या साखळीला झुकतं माप दिल्याबद्दल. सरकार बदललं आणि मे महिन्यात तो मागे घेतला. कायदा पुस्तकात आहे म्हणून काही होत नसतं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

आता माणसांकडे येतो.

आमच्या गल्लीतली एक मुलगी त्या बायपासच्या स्टोअरमध्ये बिलिंगला आहे. बारावी झालेली, हुशार, बोटं अशी चालतात की बारकोडचा बीप आणि तिचा हात यांत अंतर राहत नाही. ती दिवसभर उभी असते. काउंटरच्या आत बसायला काही नाही. गर्दी ओसरली की ती तेलाच्या डब्यांचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर टेकते आणि सुपरवायझर रॅकच्या टोकाला दिसला की उठते. तिच्या पगाराच्या कागदावर स्टोअरचं नाव नाही. दुसऱ्याच शहरातल्या कुठल्याशा मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचं आहे, जिचं ऑफिस तिने कधी पाहिलेलं नाही. मध्ये ठेकेदार बदलला. काउंटर तोच, गणवेश तोच, सुपरवायझर तोच. फक्त तिने नवा फॉर्म भरला, नवे फोटो दिले आणि कागदावर ती पुन्हा नवी लागली. दोन वर्षांचा अनुभव असलेली बाई एका सहीनिशी पहिल्या दिवसाची उमेदवार झाली. “काका, वर्षं साचतच नाहीत,” असं ती म्हणाली. मी अर्थशास्त्रावरचं बरंच वाचलंय, पण ठेकेदारीचं इतकं नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही.

हा एका दुकानाचा दोष नव्हे, धंद्याची रीतच आहे. वर ज्यांना दाद दिली त्या डीमार्टच्या कंपनीचाच वार्षिक अहवाल उघडून पाहावा. कायम नोकरांचा आकडा आणि कंत्राटी माणसांचा आकडा शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि दुसरा पहिल्याच्या कैक पट असतो. इतर साखळ्यांतही चित्र फार निराळं नाही. यात बेकायदेशीर काही नाही, हे मला ठाऊक आहे. बेकायदेशीर नाही हीच तर तक्रार आहे.

यावर आमच्या स्नेह्यांकडे हुकमी पत्ता असतो. “वाण्याकडच्या पोऱ्याला कुठे होता पीएफ? तो तर सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत राबायचा.” पत्ता चांगला आहे, आणि मी तो झटकणार नाही. तो पोऱ्या राबायचा, गल्ल्यावरच्या शेठच्या शिव्या खायचा, आणि त्याला आजही संरक्षण नाही, कारण राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळं सोडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही रेषा वीसवर नेण्याचा आणि कामाचे रोजचे तास नऊचे दहा करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा पोऱ्याच्या नावाने गळा काढायचाच असेल तर जरूर काढा, पण मंत्रालयाच्या दारात. वाण्याने पोऱ्याला पिळलं म्हणून ठेकेदाराने मुलीला पिळावं, हा कुठला न्याय? आणि एक फरक राहतोच. वाण्याकडे पीएफ देण्याची ऐपत नाही असं निदान म्हणता तरी येत होतं. शेअर बाजारात ज्यांचं मोल हजारो कोटींत होतं, त्यांच्याबद्दल ते म्हणता येत नाही.

अमेरिकेत ही रीत कुठवर गेली, ते पाहून ठेवलेलं बरं. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एक अहवाल दिला. नोकरी असूनही सरकारी अन्नकुपनांवर आणि गरिबांच्या आरोग्ययोजनेवर जगणारी माणसं कुणाकडे कामाला आहेत, याचा तो शोध होता. ज्या राज्यांनी आकडे दिले, त्यांत वॉलमार्टचं नाव वरच्या क्रमांकांत पुन्हा पुन्हा आलं. म्हणजे पगार अपुरा, तो पुरा करतो करदाता, आणि त्या कुपनांतला मोठा वाटा परत खर्ची पडतो वॉलमार्टच्याच गल्ल्यात. स्वस्त मिळालेल्या ब्रेडचे उरलेले पैसे गिऱ्हाईक कराच्या रूपाने भरतं.

कामगारांनी एकजूट केली तर? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातलं जाँकिएर हे गाव याला साक्षी आहे. तिथल्या वॉलमार्टच्या कामगारांनी २००४ मध्ये युनियन केली, तिला रीतसर मान्यता मिळाली. पहिला करार व्हायच्या आत, फेब्रुवारी २००५ मध्ये, कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिलच्या अखेरीस सुमारे १९० माणसं घरी बसली. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला, भरपाईचा रस्ता खुला झाला. नऊ वर्षांनी. दुकान काही उघडलं नाही. त्याआधी २००० मध्ये टेक्ससमधल्या जॅक्सनव्हिल इथे मांस कापणाऱ्या मोजक्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिलं होतं; दोन आठवड्यांत कंपनीने जाहीर केलं, की आता मांस बाहेरूनच पाकिटात भरून येईल. कापणारेच नकोत म्हटल्यावर युनियन कुणाची?

“पण रोजगार तर वाढतो ना?” हा पुढचा प्रश्न. उद्घाटनाच्या दिवशी आमदारांनीही फीत कापताना हेच सांगितलं होतं. वॉलमार्टवर या बाबतीत भरपूर मोजमाप झालंय आणि अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही, हे आधीच सांगतो. एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासात नवं दुकान आलं की त्या वर्षी जिल्ह्यात किरकोळ विक्रीतल्या शंभरेक नोकऱ्या वाढतात, पण पुढच्या पाच वर्षांत लहान दुकानं मिटत जाऊन त्यांतल्या निम्म्या नाहीशा होतात, असं आढळलं. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास त्याहून कडू आहे. त्यांच्या हिशेबाने वॉलमार्टमधल्या एका नोकरीमागे बाकीच्या दुकानांतल्या साधारण १.४ नोकऱ्या जातात. दोघांतलं कुणाचंही धरा, आमदारांचा आकडा काही हाती लागत नाही. फीत कापतात त्या दिवशी नोकऱ्या मोजल्या जातात. शटर पडतं तेव्हा कुणी मोजायला येत नाही.

आमच्या बाजारपेठेत तीन वर्षांत चार शटरं पडली. त्यांतल्या एका जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या दुकानदाराचा थोरला मुलगा, जो बापाच्या हाताखाली गल्ल्यावर बसायला शिकला होता, तो सध्या बायपासच्या त्याच स्टोअरमध्ये रात्रपाळीला माल लावतो. ठेकेदाराकडून. वाणी गेला तर गेलं काय, या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे. तो कुठे गेलेला नाही. मालकाचा नोकर झाला, तोही दुसऱ्याच्या नावावर.

विरुद्ध बाजूची सगळ्यात नीट मांडणी जेसन फरमन यांनी २००५ मध्ये केली. हे गृहस्थ पुढे ओबामांचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले. त्यांचं म्हणणं असं, की स्वस्त किराण्याचा फायदा गरिबाला सगळ्यात जास्त, कारण त्याच्या कमाईतला मोठा हिस्सा पोटावर जातो. पगाराचं नुकसान धरलं तरी एकंदर बेरीज गरिबाच्या बाजूनेच उरते. मला या युक्तिवादाचा आदर आहे. पण त्यात एक गृहीत धरलंय, की पगार पिळल्याशिवाय भाव उतरतच नाहीत. तसं असतं तर कॉस्टको ही साखळी कधीच बुडायला हवी होती. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना सांगायला नको. शनिवारची कॉस्टकोची वारी तिथे आषाढीइतक्या निष्ठेने होते. या कंपनीने हॉट डॉग आणि पेय १९८५ पासून दीड डॉलरलाच ठेवलंय, आणि पगार मात्र या धंद्यातल्या इतरांपेक्षा ठळकपणे जास्त दिलेत. खुद्द वॉलमार्टने २०१५ मध्ये किमान पगार तासाला नऊ डॉलर केला, पुढच्या वर्षी दहा, २०१८ मध्ये अकरा. भाव काही आभाळाला भिडले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं जे जमत नाही म्हणून सांगत होते, ते जमत होतं.

आता त्यांचा शेवटचा आणि लाडका मुद्दा. “लोकांना पटतं म्हणून लोक जातात. नाही पटलं तर परत वाण्याकडे जातील. बाजार आहे.”

नॉर्थ कॅरोलायनात नदीकाठी ओरिएंटल नावाचं एक चिमुकलं गाव आहे, हजाराच्या आतबाहेरच्या वस्तीचं. तिथे एका कुटुंबाचं किराणा दुकान चव्वेचाळीस वर्षं चालू होतं. २०१४ मध्ये वॉलमार्टने गावात आपलं छोट्या आकाराचं दुकान टाकलं. लोक तिकडे गेले, जायचेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुनं दुकान मिटलं. आणि तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकानं बंद करण्याची घोषणा केली. छोट्या आकाराचा प्रयोग मुख्यालयाला फायद्याचा वाटला नव्हता. ओरिएंटलचं दुकान त्या यादीत होतं. गावात किराण्याचं दुकानच उरलं नाही. परत कुणाकडे जायचं? मोडलेलं दुकान म्हणजे काही मिटलेली छत्री नव्हे, की पाऊस आला आणि उघडली. त्यामागे एजन्सीवाल्यांशी जमलेली पत असते, कुणाला किती उधार द्यावं याची तीस वर्षांची पारख असते, आणि हातात धंदा घेईल असा मुलगा असतो. तो तर माल लावायला गेला.

मोठे टिकतात, हाही एक भ्रम. बिग बझार आठवतं ना? २००१ मध्ये सुरू झालेलं, २६ जानेवारीच्या ‘सबसे सस्ते दिन’साठी रस्ते अडवणारं? फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडी थकलेली त्यांची दुकानं दुसऱ्या साखळीच्या ताब्यात जाऊ लागली, आणि जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली. अशा वेळी कायद्याची रांग ठरलेली असते. तारण असलेल्या बँका पुढे, आणि लोणची-पापड-कपडे पुरवून बिलाची वाट पाहत बसलेले छोटे उत्पादक पार मागे. गावातला एक दुकानदार बुडाला तर त्याच्या आठ-दहा घेणेकऱ्यांत हळहळ होते. साखळी बुडते तेव्हा तिच्यापायी बुडणारे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

पैसा गावात फिरणं म्हणजे काय, ते मला गणपतीत कळलं. वर्गणीची पावती पुस्तकं घेऊन आमच्या मंडळाची पोरं स्टोअरमध्ये गेली. काउंटरवरच्या मुलीने, तीच आमच्या गल्लीतली, कसनुसं हसून सांगितलं, “हेड ऑफिसला मेल करावा लागेल.” वर्गणी द्यावीच असं नाही, आणि वर्गणीच्या नावाने काय काय चालतं तेही मी जाणतो. पण तो मेल फक्त वर्गणीचा नाही. स्टोअरचा हिशेब तपासणारा सीए मुंबईचा, पाटी रंगवणारा नाही कारण पाटी छापून येते, टेम्पो ठेकेदाराचे, जाहिरात स्थानिक साप्ताहिकाला नाही, बचत गटाच्या शेवया ठेवायच्या तर व्हेंडर कोड हवा. जुन्या दुकानदाराच्या नफ्यातून गावातल्या सुताराला, शिकवणीवाल्याला, डॉक्टरला आणि हो, वर्गणीला पैसे सुटत. आता त्या पैशाची सकाळची गाडी सुटते ती थेट हेड ऑफिसला.

मग काय, बंदी घालायची? नाही. तो मार्ग आपण एकदा चोखाळलाय. २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकी भांडवलाला परवानगी मिळाली, तेव्हा २० सप्टेंबरला देशभर बंद झाला. घोषणा सगळ्या परदेशी कंपनीविरुद्ध होत्या. त्या गदारोळात देशी साखळ्या आरामात पसरल्या, आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतलाच. व्यापारी संघटनांची चूक अशी झाली, की त्या मालकाच्या पासपोर्टवर भांडल्या. ठेकेदाराच्या पगारपत्रकावर स्वदेशी-विदेशी असा शिक्का नसतो.

आणि स्वस्त माल द्यायला साखळीच लागते, हे तरी कुणी ठरवलं? गिरणगावाशेजारी नायगावला १९४८ मध्ये कामगारांनी उभी केलेली सहकारी संस्था पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घराघरात पोचली. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून, यादी गोळा करून, घाऊक माल आणून सभासदांकडूनच वाटून घेण्याची रीत चालवली. आमच्या आत्याच्या ठाण्याच्या घरात महिन्यातला एक दिवस हॉलभर पोत्यांचा आणि शेजारणींच्या हिशेबाचा असे. वारणानगरच्या वारणा बाजाराने ग्रामीण भागात हेच करून दाखवलं. एकत्र खरेदीचं कसब त्यांच्याकडे होतं, फक्त नफा सभासदाकडे फिरत होता. यांतल्या काही संस्था पुढे रोडावल्या, काही राजकारण्यांच्या हातून नासल्या, हे नाकारत नाही. पण ही वाट इथे मळलेली होती, आणि ती आर्कान्साहून आलेली नव्हती.

स्टोअर राहू दे. मीही जाणार आहे, तेल तिथेच घेणार आहे. माझं मागणं आमच्या नगरपरिषदेकडे आणि राज्याकडे आहे. पुढच्या अशा दुकानाला बांधकामाची परवानगी देताना किती माणसं कंपनीच्या स्वतःच्या नावावर असतील, हे लेखी घ्या. वर्षानुवर्षं चालणाऱ्या बिलिंगसारख्या कामाला ठेकेदार कशाला, हे विचारा. ठेकेदार बदलला तरी कामगाराची वर्षं पुढे मोजा. एकाच साबणाचे दोन भाव कंपनीने कुठल्या बचतीपोटी लावले, हे तिला दाखवायला लावा. आणि दहा-वीसच्या रेषेखालच्या पोऱ्यालाही निदान तास आणि सुट्टी कायद्याने द्या, म्हणजे आमच्या स्नेह्यांचा हुकमी पत्ताही निकालात निघेल.

केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरू या बाजारपेठेत कापडदुकानांतल्या बायकांनी दिवसभर उभं राहण्याविरुद्ध आणि लघवीला जायची सोय नसण्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. पी. विजी या शिंपीणबाई त्यांच्या पुढारी. २०१८ मध्ये केरळने दुकानातल्या कामगाराचा बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला, २०२१ मध्ये तमिळनाडूने. पुढच्या खेपेला ट्रॉली घेऊन रांगेत उभे राहाल, तेव्हा बिल करणाऱ्या मुलीच्या मागे स्टूल आहे का, एवढं बघा. नसेल तर पैसे देण्याआधी मॅनेजरला बोलवा आणि का नाही ते विचारा.